बिल्ड फेल होतोय? जुन्या कंपायलरचा बंदोबस्त कसा करायचा

सोर्स कोड उतरवला, दिलेल्या सूचना तंतोतंत पाळल्या, तरी बिल्ड करण्यासाठी, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवण्यासाठी, 'मेक' ही आज्ञा चालवताच स्क्रीनभर चुका येतात. नवखा माणूस अशा वेळी थेट कोडमध्ये हात घालतो. एखादी ओळ कॉमेंट करतो, एखादं हेडर (कोडमध्ये जोडलेली घोषणांची फाइल) काढून टाकतो आणि गुंता वाढवून ठेवतो. बऱ्याचदा कोडमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. कोड लिहिलाय सी++१७ मध्ये (सी++ भाषेचं २०१७ चं मानक) आणि मशीनवरचा कंपायलर, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवणारं साधन, त्याच्या कितीतरी आधीचा असतो.

हे घडण्यामागे कुणाचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. सर्व्हरसाठीची लिनक्स वितरणं स्थैर्यासाठी कंपायलरची मुख्य आवृत्ती मुद्दाम गोठवतात. सेंटओएस ७ हे २०१४ मध्ये आलं आणि ३० जून २०२४ ला त्याचा आधार संपला. या संपूर्ण काळात त्याचा मूळ कंपायलर जीसीसी ४.८ हाच राहिला. तेवढ्यात सी++१४, १७ आणि २० अशी तीन मानकं येऊन गेली.

हा लेख मुख्यतः लिनक्सवरच्या सी आणि सी++ बिल्डबद्दल आहे. आज्ञा आणि चुकांचे संदेश इथे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर टाइप करताना ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा.

सुरुवात करण्याआधी हे जवळ असू द्या:

- बिल्डचा पूर्ण लॉग, फाइलमध्ये साठवलेला
- प्रकल्पाची रीडमी किंवा इन्स्टॉल फाइल आणि सीमेकलिस्ट्स, कॉन्फिगर किंवा मेसन यांपैकी जी असेल ती बिल्ड फाइल
- वितरणाचं नाव आणि आवृत्ती ('/इटीसी/ओएस-रिलीज' या फाइलमध्ये मिळते)
- रूट (प्रशासकाचे) अधिकार आहेत की नाहीत याचं स्पष्ट उत्तर, कारण पायरी ५ मधला मार्ग त्यावर ठरतो
- डिस्कवर काही जीबी मोकळी जागा

१. पहिली चूक शोधा

शेवटी दिसणारी 'मेक: एरर २' ही ओळ काहीच सांगत नाही. खरी चूक कितीतरी वर असते. शिवाय 'मेक -जे८' ने बिल्ड चालवला असेल तर आठ कामांचं आउटपुट एकमेकांत मिसळतं. म्हणून पुन्हा 'मेक -जे१' ने चालवा, लॉग फाइलमध्ये घ्या आणि त्यात 'एरर:' हा शब्द वरून खाली शोधा. जी पहिली सापडेल तीच वाचायची. एक हेडर मिळालं नाही की त्यानंतरच्या शेकडो चुका त्याचेच परिणाम असतात.

कंपायलरला नेमके कोणते फ्लॅग (आज्ञेसोबतचे पर्याय) दिले जातायत तेही दिसायला हवं. प्रकल्प ज्या बिल्ड साधनावर चालतो त्यानुसार सीमेकने बनवलेल्या मेकफाइलला 'व्हर्बोज=१', ऑटोटूल्सच्या मेकफाइलला 'व्ही=१' आणि निंजाला '-व्ही' द्या.

बिल्ड कॉन्फिगरच्या, म्हणजे मशीनवर काय उपलब्ध आहे ते तपासण्याच्या, टप्प्यावरच अडला तर जास्त सावध राहा. तिथे प्रत्येक गोष्टीची चाचणी म्हणून एक छोटा प्रोग्रॅम कंपाइल केला जातो. जुन्या कंपायलरला एखादा फ्लॅग कळला नाही की ती चाचणी फसते, आणि तुम्हाला संदेश मिळतो की अमुक लायब्ररी सापडली नाही. लायब्ररी तर बसवलेली असते! खरं कारण 'कॉन्फिग.लॉग' मध्ये असतं. सीमेक ३.२६ पासून ते 'सीमेककॉन्फिगरलॉग.यॅमल' मध्ये आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत 'सीमेकएरर.लॉग' मध्ये सापडेल.

२. नेमका कोणता कंपायलर चालतोय ते पाहा

'जीसीसी --व्हर्जन' आणि 'जी++ --व्हर्जन' या दोन्ही आज्ञा स्वतंत्रपणे चालवा. दोन्ही पॅकेजेस वेगळी असतात, त्यामुळे सीचा कंपायलर नवा आणि सी++ चा जुना अशी जोडी सहज जमून येते. मग 'व्हिच -ए जी++' ने पाथमध्ये एकूण किती आहेत ते बघा आणि 'सीसी' व 'सीएक्सएक्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये काय आहे तेही तपासा. सीमेक सुरुवातीलाच 'द सीएक्सएक्स कंपायलर आयडेंटिफिकेशन इज...' अशी ओळ छापतं. टर्मिनल काहीही सांगो, बिल्डसाठी तीच ओळ खरी.

सोबत 'एलडी --व्हर्जन' ने लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा), 'एएस --व्हर्जन' ने असेंब्लर (कंपायलरच्या सूचनांचा मशीन कोड बनवणारा) आणि 'एलडीडी --व्हर्जन' ने जीलिबसीची (सिस्टीमची सी लायब्ररी) आवृत्ती लिहून ठेवा. पुढे तिन्ही लागतात.

मॅकवर 'जीसीसी' ही आज्ञा प्रत्यक्षात ॲपलचा क्लँग हा वेगळा कंपायलर चालवते, आणि त्याचा आवृत्ती क्रमांक क्लँगच्या मूळ एलएलव्हीएम प्रकल्पाच्या क्रमांकाशी जुळत नाही. दोन्हींची तुलना करू नका.

३. संदेशावरून दुखणं ओळखा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. 'जुना कंपायलर' म्हणताना पाच-सहा वेगळी दुखणी एकत्र होतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

कंपायलरला येतं, पण सांगितलेलं नाही. मानक न सांगितल्यास जीसीसी स्वतःचं ठरलेलं मानक धरतो. सी++ साठी जीसीसी ६ च्या आधी ते ९८ चं होतं, ६ ते १० मध्ये सी++१४ आणि ११ ते १५ मध्ये सी++१७ आहे. सीसाठी जीसीसी ५ च्या आधी ते १९९० चं होतं. म्हणून जीसीसी ४.८ वर 'फॉर (इंट आय = ०; ...)' एवढी साधी ओळसुद्धा "फॉर लूप इनिशियल डिक्लरेशन्स आर ओन्ली अलाउड इन सी९९ मोड" म्हणून अडते. इथे नवा कंपायलर बसवायची गरजच नाही, '-एसटीडी=जीएनयू९९' हा फ्लॅग पुरतो.

'जीएनयू९९' च्या जागी 'सी९९' मात्र सहज म्हणून लिहू नका. काटेकोर सी९९ मध्ये 'एसटीआरडप' सारखी पॉसिक्स (युनिक्ससारख्या सिस्टीमचं मानक) फंक्शन्स हेडरमधून लपवली जातात. जुना कंपायलर त्यावर फक्त वॉर्निंग देतो आणि फंक्शन 'इंट' परत करतं असं गृहीत धरतो. ६४-बिट मशीनवर पॉइंटरचे वरचे ३२ बिट त्यात गळून पडतात. बिल्ड यशस्वी होतो आणि प्रोग्रॅम चालताना कोसळतो.

"अनरेकग्नाइज्ड कमांड लाइन ऑप्शन". '-एसटीडी=सी++२०' सारख्या फ्लॅगवर हे आलं तर कंपायलर खरोखर जुना आहे. फ्लॅग काढून टाकणं किंवा तिथे सी++११ लिहिणं हा उपाय नव्हे, त्याने चुका फक्त पुढच्या फाइलमध्ये सरकतात. हाच संदेश '-डब्ल्यूनो-' ने सुरू होणाऱ्या फ्लॅगवर आला तर त्याकडे दुर्लक्ष करा. अनोळखी '-डब्ल्यूनो-' फ्लॅग जीसीसी एरवी निमूट सोडून देतो. त्याच फाइलमध्ये दुसरी काही तक्रार निघाली तरच त्याचा उल्लेख करतो. म्हणजे दोषी ती दुसरी ओळ.

"नो सच फाइल ऑर डिरेक्टरी", आणि हेडर भाषेच्या मानक लायब्ररीतलं. लोक हे हेडर असलेलं पॅकेज शोधत बसतात. असं वेगळं पॅकेज नसतं, हेडर कंपायलरसोबतच येतं. 'स्टडॲटॉमिक' जीसीसी ४.९ मध्ये आलं, 'ऑप्शनल' ७ मध्ये, 'फाइलसिस्टिम' ८ मध्ये, 'फॉरमॅट' १३ मध्ये. 'फाइलसिस्टिम' ची एक खोच आहे. जीसीसी ८ मध्ये हेडर मिळतं, पण लिंक करताना '-एलएसटीडीसी++एफएस' वेगळं द्यावं लागतं, नाहीतर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' चा पाऊस पडतो. ९ पासून ते लागत नाही.

कंपाइल होतं, पण चालत नाही. जीसीसी ४.८ मध्ये 'रेजेक्स' हेडर आहे, आतलं काम मात्र अपुरं आहे. कोड विनातक्रार कंपाइल होतो आणि चालवल्यावर अगदी साध्या पॅटर्नवरही एक्सेप्शन फेकतो. पूर्ण काम ४.९ पासून चालतं. या सगळ्यांत हे दुखणं सर्वांत वाईट, कारण बिल्डचा लॉग स्वच्छ दिसतो.

"नो सच इन्स्ट्रक्शन". हा संदेश असेंब्लरचा आहे. कंपायलर नवा बसवला, पण बिनयुटिल्स (असेंब्लर आणि लिंकर असलेलं पॅकेज) जुनंच राहिलं. नवा कंपायलर प्रोसेसरच्या नव्या सूचना लिहितो आणि जुन्या असेंब्लरला त्या वाचता येत नाहीत. बिनयुटिल्सही नवं घ्या.

"किल्ड", आणि पुढे सीसी१प्लसचं नाव. याचा कंपायलरच्या वयाशी काहीही संबंध नाही. मेमरी संपली म्हणून कर्नलने प्रक्रिया मारली. '-जे' चा आकडा कमी करा किंवा स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) वाढवा.

४. प्रकल्पाला किमान काय लागतं ते ठरवा

रीडमीत लिहिलं असेल तर उत्तम. नसेल तर बिल्ड फाइलमध्ये मानक कोणतं मागितलंय ते शोधा आणि त्यावरून अंदाज बांधा:

- सी++११: जीसीसी ४.८.१
- सी++१४: जीसीसी ५
- सी++१७: भाषेसाठी ७, लायब्ररीसकट हवं असेल तर ९
- सी++२०: सुरुवात १० पासून, पण 'फॉरमॅट' वापरलं असेल तर १३

लिनक्स कर्नल स्वतः बिल्ड करत असाल तर ५.१५ पासून किमान जीसीसी ५.१ लागतो आणि ६.१६ पासून जीसीसी ८.

सीमेकचा एक सापळा इथेच सांगायला हवा. प्रकल्पाने 'सीएक्सएक्स_स्टँडर्ड' १७ ठेवलं, पण 'सीएक्सएक्स_स्टँडर्ड_रिक्वायर्ड' चालू केलं नाही, तर जुन्या कंपायलरवर सीमेक तक्रार न करता खालच्या मानकावर उतरतं. कॉन्फिगर हिरवं दिसतं आणि चुका कंपाइलच्या वेळी येतात.

किमान आवृत्तीच्या एक-दोन पायऱ्या वरचा कंपायलर निवडावा. एकदम सर्वांत नवा घेऊ नये, त्याचं कारण पायरी ९ मध्ये आहे.

५. नवा कंपायलर जुन्याच्या शेजारी बसवा

सिस्टीमचा मूळ कंपायलर काढू नका आणि त्याच्या जागी नव्याची लिंकही ठोकू नका. ड्रायव्हरची कर्नल मॉड्यूल्स कर्नल ज्या कंपायलरने बनलं त्याच्याशी जुळवून बिल्ड होतात. मूळ कंपायलर हलवला की पुढच्या कर्नल अपडेटला दुसरंच काहीतरी बंद पडतं.

उबुंटू आणि डेबियन. उबुंटू १८.०४ मध्ये मूळ जीसीसी ७ आहे, २०.०४ मध्ये ९, २२.०४ मध्ये ११, २४.०४ मध्ये १३. डेबियन ११ मध्ये १० आणि १२ मध्ये १२. त्याहून वेगळी आवृत्ती आकडा जोडलेल्या नावाने मिळते: 'जीसीसी-११' आणि 'जी++-११'. दोन्ही बसवा. फक्त पहिलं बसवणं ही फार होणारी चूक आहे. पॅकेजच्या मुख्य भांडारात हवी ती आवृत्ती नसेल तर उबुंटूसाठी 'उबुंटू-टूलचेन-आर/टेस्ट' हा पीपीए (वेगळं जादा भांडार) वापरतात. 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' ने अदलाबदल करणार असाल तर जी++ ला जीसीसीचा '--स्लेव्ह' म्हणून बांधा, म्हणजे दोन्ही एकत्र बदलतात.

रेड हॅट घराणं. ७ वर 'डेव्हटूलसेट', ८ पासून 'जीसीसी-टूलसेट' हे नव्या कंपायलरचे संच मिळतात. बसवल्यावर 'एससीएल एनेबल डेव्हटूलसेट-११ बॅश' असं चालवलं की नवा कंपायलर मिळतो, पण फक्त त्याच शेलमध्ये. क्रॉन (वेळापत्रकाने चालणारी कामं) किंवा सीआयच्या (कोड बदलल्यावर आपोआप चालणारा बिल्ड) कामात वेगळं शेल उघडतं आणि जुनाच कंपायलर परत येतो. तिथे टूलसेटची 'एनेबल' फाइल स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सोर्स करा. टूलसेटमध्ये बिनयुटिल्सही नवं येतं, हा मोठा फायदा. सेंटओएस ७ ची नेहमीची भांडारं आता बंद आहेत, पत्ते व्हॉल्टकडे (जुन्या पॅकेजेसचा साठा) वळवल्याशिवाय यम ही पॅकेज बसवणारी आज्ञा काहीच उतरवणार नाही.

रूट अधिकार नसतील तर कोंडा-फोर्ज या पॅकेज भांडारातलं 'जीएक्सएक्स_लिनक्स-६४' हे पॅकेज स्वतःच्या होम डिरेक्टरीत बसतं. कंटेनर (मशीनच्या आतली वेगळी बंदिस्त सिस्टीम) चालवायची मुभा असेल तर नव्या वितरणाचा कंटेनर हा सर्वांत स्वच्छ मार्ग, मात्र तयार झालेला प्रोग्रॅम बाहेरच्या जुन्या सिस्टीमवर चालवायचा असेल तर आधी पायरी ८ वाचा.

सोर्समधून जीसीसी बनवणं हा शेवटचा पर्याय. क्रम असा:

अ) सोर्स उघडा आणि त्याच्या आत 'कॉन्ट्रिब/डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स' चालवा. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या लायब्ररी तो आणून ठेवतो.
आ) सोर्सच्या बाहेर वेगळी रिकामी डिरेक्टरी बनवा. सोर्सच्या आतच बिल्ड केला तर तो फसू शकतो.
इ) तिथून कॉन्फिगर चालवा: '--प्रीफिक्स' मध्ये होममधली जागा, '--एनेबल-लँग्वेजेस=सी,सी++' आणि '--डिसेबल-मल्टिलिब'. शेवटचा फ्लॅग विसरलात तर ३२-बिट लायब्ररी नाहीत म्हणून अडेल.
ई) 'मेक', मग 'मेक इन्स्टॉल'. जीसीसी स्वतःला तीन टप्प्यांत पुन्हा पुन्हा बिल्ड करतो, म्हणून वेळ लागतो.

जीसीसी ११ ते १४ बनवायला सी++११ येणारा कंपायलर पुरतो, म्हणजे ४.८ चालतो. १५ पासून सी++१४ लागतं, म्हणजे जीसीसी ५.४ किंवा वरचा. त्यामुळे ४.८ वरून थेट १५ वर उडी मारता येत नाही, मध्ये एक थांबा घ्यावा लागतो.

६. बिल्ड सिस्टीमला नवा कंपायलर दाखवा

नवा कंपायलर बसवूनही तीच चूक येते तेव्हा कारण बहुतेक वेळा कॅश असतं. सीमेक पहिल्या वेळी सापडलेला कंपायलर 'सीमेककॅश' मध्ये लिहून ठेवतं. नंतर 'सीसी' आणि 'सीएक्सएक्स' बदलले तरी तिकडे बघतही नाही. 'मेक क्लीन' ने ही नोंद जात नाही. बिल्ड डिरेक्टरी पूर्ण पुसा, दोन्ही व्हेरिएबलमध्ये नव्या कंपायलरचा पूर्ण पाथ द्या आणि कॉन्फिगर पहिल्यापासून करा. ऑटोटूल्सवर 'मेक डिस्टक्लीन' करून पुन्हा कॉन्फिगर.

'सुडो मेक' करू नका. सुडो सामान्यतः एन्व्हायर्नमेंट गाळून टाकतं, म्हणजे व्हेरिएबल जातात आणि जुना कंपायलर परत येतो. बिल्ड साध्या खात्यातून करा, सुडो फक्त 'इन्स्टॉल' ला.

७. लिंक करताना 'सीएक्सएक्स११' दिसलं तर

जीसीसी ५ मध्ये 'स्ट्रिंग' आणि 'लिस्ट' यांची मेमरीतली मांडणी बदलली. म्हणून जुन्या जीसीसीने बनवलेली लायब्ररी आणि नव्याने बनवलेला तुमचा कोड जोडताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येतो आणि नावात कुठेतरी '__सीएक्सएक्स११' दिसतं. लायब्ररी जागेवर असते, फक्त दोघांची एबीआय (कंपाइल झालेले तुकडे एकमेकांशी जुळण्याचे नियम) वेगळी.

शक्य असेल तर सगळ्या सी++ लायब्ररी त्याच नव्या कंपायलरने पुन्हा बनवा. लायब्ररीचा सोर्स नसेल तर स्वतःचा कोड '_ग्लिबसीएक्सएक्स_यूज_सीएक्सएक्स११_एबीआय=०' या मॅक्रोने बनवा. रेड हॅट ७ वरच्या डेव्हटूलसेटमध्ये मात्र जुनीच एबीआय चालते. तिथे मॅक्रो १ करून काही साधत नाही.

८. दुसऱ्या मशीनवर चालवण्याआधी

"व्हर्जन ग्लिबसीएक्सएक्स_३.४.२६ नॉट फाउंड" म्हणजे प्रोग्रॅम जीसीसी ९ च्या लायब्ररीवर बनला आणि त्या मशीनवर जुनी लायब्ररी आहे. ३.४.२१ म्हणजे जीसीसी ५, ३.४.२५ म्हणजे ८, ३.४.२९ म्हणजे ११, ३.४.३० म्हणजे १२. मशीनवर कुठपर्यंत आहे ते पाहायला 'लिबएसटीडीसी++.एसओ.६' वर 'स्ट्रिंग्ज' चालवून 'ग्लिबसीएक्सएक्स' ग्रेप करा. उपाय: लिंक करताना '-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++' आणि '-स्टॅटिक-लिबजीसीसी' द्या, किंवा नवी लायब्ररी सोबत पाठवून आरपाथ (लायब्ररी कुठे शोधायची तो प्रोग्रॅममध्ये लिहिलेला पाथ) लावा. डेव्हटूलसेटने बनवलेल्या प्रोग्रॅमला ही अडचण येत नाही, कारण नवा भाग तो आतच स्टॅटिक जोडतो.

"जीलिबसी_२.२८ नॉट फाउंड" हा जवळपास तसाच दिसणारा, पण अगदी वेगळा प्रश्न आहे. जीलिबसी ही सिस्टीमची मूळ लायब्ररी. ती हाताने बदलायला गेलात तर 'एलएस' सुद्धा चालेनासं होऊ शकतं. ज्या सर्वांत जुन्या सिस्टीमवर प्रोग्रॅम चालवायचा, तिच्यावर किंवा तिच्या कंटेनरमध्ये नवा कंपायलर बसवून बिल्ड करा. जुन्या जीलिबसीवर बनलेलं नव्यावर चालतं, उलट चालत नाही.

९. कंपायलर जास्तच नवा झाला तर

जुना कोड आणि अगदी नवा जीसीसी ही जोडीही फसते. जीसीसी १० पासून '-एफनो-कॉमन' आपोआप लागू होतं, त्यामुळे हेडरमध्ये 'एक्स्टर्न' न लिहिता ठेवलेलं ग्लोबल व्हेरिएबल 'मल्टिपल डेफिनिशन' देतं. १३ मध्ये काही हेडर आतून एकमेकांना ओढेनाशी झाली, म्हणून 'यूइंट३२_टी' अनोळखी ठरतो. 'सीएसटीडीइंट' इन्क्लूड केलं की काम होतं. १४ मध्ये जाहीर न केलेलं सी फंक्शन वापरणं ही वॉर्निंग न राहता चूक झाली. असे संदेश दिसले तर एक-दोन आवृत्त्या खाली उतरा.

१०. पायथन, रस्ट आणि गो

पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) एखादं पॅकेज सोर्समधून बनवायला घेतलं आणि 'नमपाय रिक्वायर्स जीसीसी >= ८.४' सारखा संदेश आला, तर आधी पिप अपडेट करा. १९.३ च्या आधीच्या पिपला 'मेनीलिनक्स२०१४' ची तयार व्हील (आधीच कंपाइल केलेली पॅकेजेस) ओळखता येत नाहीत, म्हणून तो विनाकारण सोर्सकडे वळतो. कित्येकदा कंपायलर लागतच नाही.

रस्टमध्ये २०२१ ची एडिशन १.५६ पासून आणि २०२४ ची १.८५ पासून चालते. 'कार्गो.लॉक' (प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजेसच्या आवृत्त्यांची फाइल) ची चौथी आवृत्ती वाचायला १.७८ हवा. डेबियन १२ मध्ये १.६३ आहे, त्यामुळे तिथे रस्टअप (रस्टच्या नव्या आवृत्त्या बसवणारं साधन) वापरणंच बरं. गो १.२१ पासून गरजेनुसार नवी टूलचेन स्वतः उतरवतो. त्याआधीचा असेल तर हाताने बदला.

११. प्रकल्प तुमचा असेल तर

कोडमध्ये नवं मानक वापरायला लागलात की त्याच बदलासोबत किमान आवृत्तीही नोंदवा. सीमेकमध्ये मानक, 'रिक्वायर्ड' ऑन आणि कंपायलरची आवृत्ती कमी असेल तर 'फेटल_एरर' देणारी अट, अशा तीन गोष्टी लागतात. संदेशात सापडलेली आवृत्ती आणि हवी असलेली आवृत्ती दोन्ही छापा. रस्टमध्ये 'रस्ट-व्हर्जन' हे फील्ड हेच काम करतं. आणि सीआयमध्ये एक काम त्या किमान आवृत्तीवर कायम चालू ठेवा. नाहीतर रीडमीत जीसीसी ८ लिहिलेलं राहतं आणि कोडला प्रत्यक्षात ११ लागायला लागलेला असतो.